पॉडकास्टचा पहिला भाग विजयदुर्गाच्या हेलियमवर करावा का?

वाघोटणकाठ (पडेल, ता. देवगड)

नमस्कार मंडळी. मी, कणकवलीकडे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारी माझी मावसबहीण आणि तिचे तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त सहकारी असे आम्ही तिघे दिवाळीनंतर मराठीत एक पॉडकास्ट सुरू करणार आहोत. दर पंधरवड्याला साधारण चाळीस मिनिटांचा एक भाग असेल. कोकणात सर्रास सांगितल्या जाणाऱ्या एखाद्या दाव्याने सुरुवात करायची, तो दावा तपासायचा कसा हे पाहायचे, आणि मग ‘तपासणे’ म्हणजे नेमके काय, खात्री कशाला म्हणावे, हा तत्त्वज्ञानाचा भाग आमच्या सरांकडे सोपवायचा, अशी ढोबळ आखणी आहे. राजापूरची गंगा, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पाजवळ भरकटणारी होकायंत्राची सुई, देवळातला कौल (देवाला लावलेली पाकळी कोणती पडते त्यावरून मिळणारे उत्तर), माडांच्या बागेतला देवचार (कोकणातला राखणदार भूत) असे पाच-सहा विषय टिपून झाले आहेत. अडले आहे ते पहिल्या भागावर.

बहिणीच्या मते पहिला भाग कौलावर असावा, कारण अशा कार्यक्रमाकडून लोकांची तीच अपेक्षा असते आणि थोडा वाद झाला तर ऐकणारेही वाढतील. मला हे पटत नाही. ज्या गोष्टीवर आम्हा तिघांचा मुळातच विश्वास नाही, तिच्यावर शंका घेण्यात आमचे काहीच पणाला लागत नाही. म्हणून मी विजयदुर्ग सुचवला.

गोष्ट इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावर दुर्बीण लावली, सूर्याच्या प्रकाशात त्याला एक अनोळखी पिवळी रेषा दिसली आणि हेलियमचा शोध लागला. किल्ल्यावरचे ‘सायबाचे कट्टे’ त्याची साक्ष म्हणून दाखवले जातात, आणि गेली काही वर्षे १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. चौथीत असताना शाळेच्या सहलीत मी त्या कट्ट्यावर उभा राहिलो होतो, आणि विज्ञानाची आवड मला तिथेच लागली असे म्हटले तरी चालेल. पुढे घरी निवास आणि न्याहारीची सोय सुरू केल्यावर उतरणाऱ्या पाहुण्यांना ही गोष्ट मी स्वतः शंभरदा तरी सांगितली असेल. पॉडकास्टसाठी टिपणे काढायला बसलो तेव्हा मात्र लक्षात आले की १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी.

हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही, असे लिहिले तर अतिशयोक्ती होईल. पण दुसऱ्या दिवशी न्याहारीला पुण्याचे एक कुटुंब होते, त्यांच्या मुलाने किल्ल्याविषयी विचारले आणि मी आंबोळ्या आणायच्या निमित्ताने आत निघून गेलो, हे खरे आहे.

माझे प्रश्न असे. मी काढलेली माहिती जाणकारांना बरोबर वाटते का? आपल्याच गावाच्या अभिमानाची गोष्ट मोडून कार्यक्रमाचा नारळ फोडणे शहाणपणाचे आहे का? आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो: लेखात कागद दाखवता येतो, तळटीप देता येते, नुसत्या आवाजातून पुरावा ऐकणाऱ्याच्या हाती कसा द्यायचा?

ग्रहणवेडा (रत्नागिरी)

आपली माहिती बरोबर आहे. थोडी भर घालतो, कारण तपशिलात गेल्यावर ही गोष्ट मूळ दंतकथेपेक्षा रंगतदार होते.

१८६८ च्या ग्रहणाची छाया एडनकडून अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आली आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम या बाजूने बंगालच्या उपसागरात उतरली. निरीक्षकांनी निवडलेल्या जागा पाहा. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जानसेन गुंटूरला, मेजर टेनंट यांची तुकडीही तिथेच, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणमला, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखिंडीला. घाटापलीकडच्या जमखिंडीतही ढगांनी हर्शेल यांना छळले आणि फटीतून मिळाले तेवढेच पाहून त्यांना समाधान मानावे लागले. आता आपण कोकणातली माणसे आहोत. १८ ऑगस्टला, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, देवगडच्या किनाऱ्यावर सूर्य दिसण्याच्या भरवशावर कोणी सातासमुद्रापलीकडून दुर्बीण घेऊन येईल का, हा प्रश्न कोणताही जुना कागद न उघडता आपल्याला पडायला हवा होता. मलाही तो कित्येक वर्षे पडला नव्हता.

जानसेन यांना सौरज्वालांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की त्या ग्रहणाशिवायही दिसतील अशी त्यांची खात्री झाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहूनही दाखवल्या. तिकडे लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, जानसेन यांच्या कामाची कल्पना नसताना, लंडनमध्ये बसून भर दिवसा तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच वेळी वाचली गेली, आणि फ्रान्सने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांना अगदी खेटून असते. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. त्यामुळे ग्रहणाच्या दिवशी ज्यांनी ती पाहिली त्यांच्यापैकी काहींना ती सोडियमचीच वाटली. ती वेगळी आहे हे लॉकियर यांनी नेमकेपणाने मोजले आणि ती पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची असावी असा तर्क केला. त्या तर्काला रसायनशास्त्रज्ञांनी बरीच वर्षे नाके मुरडली. १८९५ साली विल्यम रॅम्से यांना क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा प्रश्न मिटला. म्हणजे लॉकियर विजयदुर्गला उतरले तेव्हा हेलियम लंडनमध्ये काचेच्या नळीत बंद होऊन तीन वर्षे होत आली होती.

मग विजयदुर्गचे काय? १८९८ ची मोहीम खरी आहे, आणि तिच्याकडे आपण केलेले दुर्लक्ष मला दंतकथेपेक्षा अधिक खटकते. लॉकियर यांच्यासोबत ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी होते. उपकरणे उभी करण्यापासून प्रकाशचित्रे घेण्यापर्यंतची कामे त्यांना वाटून देऊन त्यांच्याकडून तालीम करून घेतली होती. जानेवारीचे स्वच्छ आकाश आणि हाती जेमतेम दोन मिनिटांची खग्रास स्थिती. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन बसले होते. आपला माणूस, आपली वेधशाळा, त्याच छायेच्या पट्ट्यात. आणि त्यांच्या नावाने कोणताही दिन नाही.

दंतकथा झाली कशी याविषयी माझा अंदाज सांगतो. १८६८ आणि १८९८ या दोन आकड्यांत फक्त एका अंकाचा फरक आहे, आणि आपल्या लिपीत ६ आणि ९ ही दोन अक्षरे घाईत लिहिली तर एकमेकांच्या जागी सहज वाचली जातात. कुणीतरी जुन्या पाटीवरचा किंवा वहीतला ९ हा ६ असा वाचला असावा, आणि १८६८ म्हटल्यावर हेलियम आपोआप येऊन चिकटला असावा.

स्थाणू (चिपळूण)

ग्रहणवेडा यांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. शेवटचा परिच्छेद वाचेपर्यंत. सहा आणि नऊचे स्पष्टीकरण इतके सुबक आहे की माझी शंका तिथेच जागी झाली. ही गोष्ट तोंडोतोंडी पसरली असेल तर अंकांचा घोटाळा उपयोगाचा नाही, कारण ‘अडुसष्ट’ आणि ‘अठ्ठ्याण्णव’ हे शब्द कानाला एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. ती लेखनातून पसरली असेल तर तो मूळ चुकीचा कागद दाखवायला हवा. दुसरी शक्यता तितकीच सरळ आहे: हेलियमचा लॉकियर इथे येऊन गेला एवढे लोकांच्या लक्षात राहिले, आणि ‘हेलियम शोधणारा इथे आला होता’ या वाक्याचे ‘इथे येऊन हेलियम शोधला’ असे होण्यास एका पिढीचा काळ पुरे आहे. दोन्हींपैकी एकही सिद्ध नाही. दंतकथा मोडताना तिच्या जागी दुसरी, अधिक हुशार दिसणारी दंतकथा ठेवण्याचा मोह शंकेखोर माणसाला फार होतो, आणि पॉडकास्टवर तर अधिकच, कारण बोलण्याच्या ओघात सुबक स्पष्टीकरण टाळ्या घेऊन जाते.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी, कारण माझ्या मते तोच आपल्या कार्यक्रमाचा खरा विषय आहे.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणे) आणि शब्द (दुसऱ्याने सांगितलेले). पॉडकास्ट हा आरंभापासून अंतापर्यंत शब्द आहे. ऐकणारा भात लावणीच्या चिखलात, रेल्वेच्या डब्यात किंवा स्वयंपाकघरात असतो. त्याला ना दुर्बीण दिसते, ना वर्णपट, ना कागद. त्याच्यापाशी असते ती आपल्या आवाजावर विश्वास ठेवण्याची किंवा न ठेवण्याची मोकळीक. सहलीतल्या गुरुजींनी कट्ट्यावर उभे राहून जे सांगितले तेही शब्द, आणि ते खोटे आहे असे आपण कानात सांगणार तेही शब्द. मग ऐकणाऱ्याने गुरुजींना सोडून आपल्याला का मानावे? ‘कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवू नका’ हे वाक्य सांगूनच पटवायचे, अशी ही अडचण आहे.

लोकायतांचा, म्हणजे चार्वाकांचा, मार्ग असा की डोळ्यांना दिसेल तेवढेच मानावे. धुरावरून अग्नीचे अनुमान करायचे तर ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे सर्वत्र खरे आहे अशी हमी हवी, आणि सर्व ठिकाणचे, सर्व काळचे धूर पाहिलेला माणूस कुठून आणायचा? १७४८ च्या आपल्या ग्रंथात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी जवळपास याच जागेवर बोट ठेवले. पण ह्या मार्गाने १८६८ चे ग्रहणही हातचे जाते, कारण ते आपल्यापैकी कोणीच पाहिलेले नाही. लॉकियर इंग्लंडमध्ये होते हेही आपण कागदांच्या, म्हणजे पुन्हा शब्दाच्याच, आधारे म्हणतो.

नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचे, उत्तर मला अधिक उपयोगाचे वाटते. त्यांनी शब्द टाकून दिला नाही. सांगणारा कसा असावा हे विचारले. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या भाष्यात ‘आप्त’ म्हणजे ज्याने विषय स्वतः जाणून घेतला आहे आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू आहे असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. त्या काळी हे म्हणायला छाती लागली असणार. आपल्या कामापुरते याचे भाषांतर असे होईल: प्रत्येक दाव्याबरोबर तो कोणाला, कुठे उभे राहून, कसा कळला हे सांगा. ‘लॉकियर लंडनमध्ये होते’ हे वाक्य हमी म्हणून देऊ नका. ‘स्वतः लॉकियर यांनी आपण तो वर्णपट लंडनमध्ये २० ऑक्टोबरला पाहिल्याचे कळवले आहे, आणि खोटे बोलून पहिला मान स्वतःहून दोन महिने मागे ढकलण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते’ असे सांगा. दुसऱ्या वाक्यात ऐकणाऱ्याला स्वतः तोलून पाहण्यासारखे काहीतरी मिळते. ह्यूम यांचा चमत्कारांविषयीचा निकषही हाच होता: सांगणारा चुकला असेल हे अधिक संभवनीय, की तो सांगतो ते घडले असेल हे?

जाता जाता माझ्या टोपणनावाविषयी, कारण इथे पूर्वी दोघांनी विचारले आहे. न्यायशास्त्रात ‘संशय’ हा सोळा पदार्थांपैकी (विचाराच्या विषयांपैकी) तिसरा, आणि त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे तिन्हीसांजेला दूर दिसणारी उभी आकृती: तो खुंट आहे की माणूस? स्थाणू की पुरुष? संशय ही त्यांच्या लेखी मनाची खोड नव्हती. चौकशी जिथून सुरू होते ती जागा होती. कोकणात तिन्हीसांजेला माडाच्या बुंध्याकडे पाहून ज्याला देवचार आठवला आहे, त्याला हे उदाहरण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

बंदरवाडीचा (विजयदुर्ग)

मी किल्ल्यावर पर्यटकांना माहिती देतो. वीस वर्षे झाली. वरचे सर्व प्रतिसाद दोनदा वाचले आणि मग लिहायला घेतले, कारण पहिल्या वाचनानंतर जे लिहिले असते ते इथे शोभले नसते.

एक गोष्ट आपण सर्वजण विसरत आहात. या बंदराला आंग्र्यांच्या आरमारानंतर मिळालेली ही एकच गोष्ट आहे जी ऐकून मुंबईचा माणूस मान वर करून पाहतो. आमची मुले त्या कट्ट्यांपाशी विज्ञान शब्द प्रथम ऐकतात. वाघोटणकाठ यांनी स्वतःच लिहिले आहे की त्यांना विज्ञानाची गोडी तिथे लागली. खोट्या गोष्टीतून खरी गोडी लागली असेल तर त्या गोष्टीने बिघडवले काय? आणि पॉडकास्टच ऐकवायचा असेल तर गावात करणी, बायंगी (पैसा मिळवून देते असे मानले जाणारे भूत) आणि भानामतीच्या नावाखाली माणसे नागवली जातात, त्यावर आधी बोला. ज्या गोष्टीने कोणाचे एक रुपयाचेही नुकसान झालेले नाही तिच्यावर पहिला घाव का?

माहितीविषयी मी वाद घालत नाही. जानेवारीचा मुद्दा मला पटला. ऑगस्टात बुरुजावर उभे राहून छत्री धरणेही कठीण असते, हे मी कोणापेक्षाही अधिक जाणतो. पण पटले म्हणून सुख झाले असे नाही.

माजघर (मालवण)

मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, तेव्हा आधी कामाचे बोलतो. पहिला भाग कोणताही असो, मुद्रण ऑक्टोबरच्या आधी करू नका. पत्र्याच्या छपराखाली पावसाचा आवाज कोणत्याही संगणकीय चाळणीने नीट निघत नाही, आणि कौलारू घरातही पागोळ्या आवाजात शिरतातच. जांभ्याच्या भिंतींचे, बाहेरच्या भिंतीला न लागलेले आतले माजघर सर्वांत चांगले. दोन बाजूंना गोधड्या टांगल्या की घुमणारा आवाज बसतो. वीज जाणारच, म्हणून मुद्रक बॅटरीवर चालणारा ठेवा. तिघांना तीन स्वतंत्र ध्वनिग्राहक द्या. एकाच ध्वनिग्राहकाभोवती तिघे बसले की तत्त्वज्ञानाचे सर हळू बोलतात आणि भौतिकशास्त्राच्या बाई त्यांना झाकून टाकतात, हा अनुभव आहे.

पुराव्याच्या प्रश्नावर माझे मत स्थाणू यांच्यापेक्षा साधे आहे. जे ऐकू येते ते ऐकवा. होकायंत्राचा भाग करायचा आहे ना? मग देवाचे गोठण्याच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) जाऊन तिथेच मुद्रण करा. एकाने डोळे बांधून होकायंत्र धरावे, दुसऱ्याने त्याला कधी कातळशिल्पापाशी, कधी त्याच सड्यावर शंभर-दोनशे पावले दूर उभे करावे, आणि सुईचा आकडा वाचणाऱ्या तिसऱ्याला आपण कुठे आहोत हे कळू नये. आकडे वाचताना त्यांचे आवाज तसेच राहू द्या. जांभ्यात लोह भरपूर असते आणि वीज कोसळून कातळाचा एखादा भाग चुंबकीय होऊ शकतो, त्यामुळे सुई खरोखरच हलली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. खरा प्रश्न असा की ती शिल्पापाशीच हलते की शिल्प नसलेल्या जागीही. हा दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण शिल्प नसलेल्या जागी होकायंत्र घेऊन जायला कोणालाच सुचत नाही.

आकड्यांवर आधारलेला भाग हवा असेल तर डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली केलेली ज्योतिषाची चाचणी घ्या. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस देऊन कोणती कुठली हे ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी शेकडा ४६ बरोबर आली. रुपया उडवून ठरवले असते तर पन्नासच्या आसपास आली असती. हे ऐकणाऱ्याला घरी करता येते: भाग थांबवा, खिशातले नाणे चाळीस वेळा उडवा, किती छापे पडले ते लिहा, मग पुढे ऐका. छत्तीस सेकंदांच्या तत्त्वज्ञानापेक्षा हे अधिक लक्षात राहते. (सरांनी रागावू नये.)

कौलाचा भाग मात्र पहिला नको, या मताशी मी सहमत आहे, पण कारण वेगळे आहे. कौल लावणाऱ्यांपैकी निम्मे लोक भविष्य विचारायला जात नाहीत. दोन भावांची बांधावरून पाच वर्षे बोलाचाल बंद असते. कोणीही माघार घेतली तर नाक कापले जाते, म्हणून देवाला विचारतात आणि देवाने सांगितले म्हणून दोघेही सुटतात. तिथे ‘पाकळी पडण्यात आणि खरेखोटेपणात संबंध आहे का’ एवढेच विचारून आलात तर काय चालले आहे तेच तुम्हाला दिसले नाही असे होईल. तो भाग दहावा-बारावा करा, हात बसल्यावर.

वाघोटणकाठ (पडेल, ता. देवगड)

सर्वांचे आभार. गेले तीन दिवस आमच्या तिघांत यावरच बोलणे चालू आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला.

ग्रहणवेडा, नायगमवालांचे नाव मी प्रथमच ऐकले, आणि जेऊर हे आता भागात येणारच. सहा-नऊचा तर्क मात्र स्थाणू यांच्या आक्षेपासकट घेणार आहोत: बहीण तो मांडेल, सर तो ‘अडुसष्ट’ आणि ‘अठ्ठ्याण्णव’ मोठ्याने उच्चारून मोडतील. हा कदाचित आमच्या कार्यक्रमातला पहिला असा पुरावा असेल जो केवळ कानानेच तपासता येतो.

स्थाणू यांनी सांगितलेला ‘कोणाला, कुठे उभे राहून, कसे कळले’ हा नियम आम्ही लिहून भिंतीवर लावला आहे. त्याला सरांनी आणखी एक जोड दिली. आमची चूक कोणी दाखवली तर ती पुढच्या भागाच्या अगदी आरंभी, संगीतही वाजण्याआधी सांगायची. शेवटी नाही, कारण शेवटपर्यंत सगळे ऐकत नाहीत. न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत, त्यांतला वाद तेवढा सत्य कळावे म्हणून असतो आणि बाकीचे दोन जिंकण्यासाठी, हे त्यांनी या निमित्ताने आम्हाला अर्धा तास समजावले. बहिणीने विचारले की चर्चेचा कोणता प्रकार चालला आहे हे चर्चा चालू असताना ओळखायचे कसे, तेव्हा त्यांनी चहा मागितला.

बंदरवाडीचा, आपले पत्र मला सर्वांत अधिक लागले. करणी-भानामतीविषयी आपण म्हणता ते योग्य आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो कसा झाला आणि त्यापूर्वी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना काय किंमत द्यावी लागली हे सांगणारा स्वतंत्र भाग आम्ही करणार आहोत. आपला हेलियम दिन १८ ऑगस्टला, त्यांच्या हत्येचा दिवस २० ऑगस्ट, आणि तोच आता वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळला जातो. पण नेमके म्हणूनच आधी विजयदुर्ग असावा असे मला वाटते. उद्या एखाद्या बाईला मी ‘तुझ्या घरच्या बायंगीचा पुरावा काय’ असे विचारणार असेन, तर मी स्वतः शंभर पाहुण्यांना जे सांगत आलो त्याचा पुरावा मला कोणी विचारलेला असला पाहिजे. नुकसान झाले नाही हेही पूर्ण खरे नाही. दोन मिनिटांच्या अंधारासाठी तालीम करणारे खलाशी, ऐन जानेवारीतला किल्ला, पलीकडे जेऊरला बसलेले नायगमवाला, हे सगळे त्या एका चुकीच्या तारखेखाली गाडले गेले, आणि ते माझ्या चौथीतल्या सहलीला मिळाले असते तर गोडी काही कमी लागली नसती.

आता आपल्याला एक विनंती. हा भाग आम्ही आपल्याशिवाय करू इच्छित नाही. नोव्हेंबरात, पाऊस पूर्ण थांबल्यावर, कट्ट्यांपाशीच मुद्रण करू. पहिली दहा मिनिटे आपण पर्यटकांना सांगता ती गोष्ट, आपण सांगता तशीच, मालवणीत, मध्ये कोणीही न बोलता. मग ग्रहणवेडा यांनी दिलेल्या तारखा मी वाचीन आणि आपण काय ते बोलायचे. जे बोलाल त्यातले एक वाक्यही कापणार नाही.

बंदरवाडीचा (विजयदुर्ग)

येतो. सकाळी साडेसातला या, नऊनंतर वारा सुटतो आणि तुमच्या यंत्रात त्याशिवाय दुसरे काही यायचे नाही. आणि मेल्पोमेनीच्या खलाशांविषयी जे काही वाचायला मिळेल ते आधी पाठवा. गेल्या रविवारी नाशिकच्या एका मुलीला मी नेहमीप्रमाणे १८६८ म्हणायला तोंड उघडले आणि मध्येच थांबलो. पुढे काय सांगायचे ते मला नीट माहीत असायला हवे.

माजघर (मालवण)

वाऱ्यासाठी ध्वनिग्राहकावर घालायची लोकरी टोपी माझ्याकडे आहे. तीन आहेत. येताना घेऊन येतो.